गावाच्या दारूचा ताळेबंद कसा मांडावा

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले, तेव्हा त्यातून तिजोरीत वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांची भर पडेल, ही बातमी सगळीकडे ठळकपणे छापून आली. दारूची जमेची बाजू नेहमी अशी आयती मिळते, कारण ती गोळा करण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क नावाचे स्वतंत्र खाते आहे आणि ते दरमहा आपला आकडा सांगते. खर्चाची बाजू मात्र कोणत्याही एका वहीत नसते. ती ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर, मुकादमाने मांडलेल्या खाड्यांत, म्हणजे गैरहजेरीच्या दिवसांत, बचत गटाच्या थकलेल्या हप्त्यांत, पोलीस ठाण्याच्या नोंदींत आणि शाळेच्या हजेरीपटात विखुरलेली असते आणि या वह्या एकमेकींशेजारी ठेवून बेरीज करणे हे कोणाच्याच कामात बसत नाही. ही बेरीज एखाद्या गावाने किंवा शहरातील एखाद्या प्रभागाने स्वतः कशी करावी, हे येथे क्रमाने सांगितले आहे. ग्रामपंचायत सदस्य, महिला मंडळे, समाजकार्याचे विद्यार्थी आणि शिक्षक यांना दोन-तीन महिन्यांत हे काम पुरे करता येते.

कामाला लागण्यापूर्वी देशपातळीवरील एक हिशेब डोळ्यांखालून घालावा, म्हणजे कोणत्या रकान्यात किती मोठा आकडा येणार आहे याचा अंदाज येतो. चंदीगडच्या पीजीआय आणि दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०११ ते २०५० या काळात मद्यामुळे भारतीय समाजावर पडणारा बोजा सुमारे १२१ लाख कोटी रुपयांचा आहे. मद्यावरील कराचे उत्पन्न वजा केले तरी सुमारे ९८ लाख कोटींचे निव्वळ नुकसान उरते, म्हणजे दर वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सरासरी १.४५ टक्के. याच अभ्यासात उपचारांचा खर्च सुमारे ३.१३ लाख कोटी इतकाच आहे. शंभर रुपयांच्या एकूण नुकसानीत दवाखान्याचा वाटा तीन रुपयांहूनही कमी आणि कराची भरपाई एकोणीस रुपयांच्या आसपास, असा त्याचा अर्थ होतो. बाकीचे जवळजवळ सगळे नुकसान न झालेल्या कामाचे आणि अकाली संपलेल्या आयुष्यांचे आहे. व्यसनाच्या खर्चावर बोलताना रुग्णालयाच्या बिलाचे उदाहरण सगळ्यात आधी दिले जाते, पण पाहणी करणाऱ्याने आपली शक्ती तिथे खर्च करू नये.

आधी रकाने आखावेत

पहिले काम वहीत तीन रकाने आखण्याचे आहे: घर, शासन आणि समाज. प्रत्येक रुपया लिहिताना तो कोणाच्या खिशातून गेला, हे विचारावे. एका क्वार्टरचे ८० रुपये घराच्या दृष्टीने पूर्णपणे गेले. त्यातील शुल्क आणि मूल्यवर्धित कराचा भाग शासनाच्या जमेला आला, काही भाग दुकानदाराला आणि काही कारखान्याला मिळाला. म्हणजे घराचा खर्च ८० रुपये असला तरी समाजाचे तेवढे नुकसान झाले असे म्हणता येत नाही, कारण पैसा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. सावकाराच्या व्याजाचे तसेच आहे. ते घराला बुडवते, पण ज्या गावातून गेले त्याच गावात दुसऱ्या वाड्यात पोहोचते. अशा रकमा घराच्या रकान्यात लिहाव्यात आणि समाजाच्या रकान्यात शून्य ठेवावे.

हे वाचून अनेक कार्यकर्त्यांना राग येतो आणि तो समजण्यासारखा आहे. दारूवर उधळलेला पैसा नुकसानीत धरायचाच नाही, हे कानाला विपरीत वाटते. अर्थशास्त्रज्ञांतही यावर एकमत नाही. कधीमधी पिणाऱ्याने स्वखुशीने केलेला खर्च हा त्याच्या आवडीचा खर्च मानावा, तर ज्याचा स्वतःवर ताबा राहिलेला नाही त्याच्या खर्चाला आवड म्हणता येणार नाही, असा साधारण मधला मार्ग निघतो. माझे मत असे की दारूवरचा खर्च आणि दारूमुळे झालेले नुकसान या दोन ओळी कायम वेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांची बेरीज करू नये. घरातल्या माणसांशी बोलताना पहिली ओळ उपयोगी पडते, शासनाशी भांडताना दुसरी. दोन्ही मिसळून मोठा आकडा सभेत फेकला की समोरचा एखादा जाणकार अधिकारी एका प्रश्नात तो खाली आणतो आणि मग खरे आकडेही संशयात सापडतात.

घराघरांतील पाहणी

सगळ्या गावाला विचारत बसण्याची गरज नाही. समजा गाव ४५० उंबऱ्यांचे आहे. घरपट्टीच्या यादीतून दर नववे घर घेतले की ५० घरे होतात. यादी वगळून ओळखीची घरे निवडू नयेत, कारण ओळखीत एक तर अगदी वाया गेलेली घरे आठवतात किंवा अगदी सज्जन. पाहणीला दोघींनी किंवा दोघांनी जावे, त्यांतील एक बाहेरगावचा असलेला बरा, आणि घरातील बाईशी बोलणे वेगळे व पुरुष कामावर गेल्यावर व्हावे. प्रश्न विचारताना ‘साधारणपणे किती पिता’ असे विचारू नये. साधारणपणे सगळेच थोडीशी पितात. ‘गेल्या रविवारपासून आजपर्यंत कोणत्या कोणत्या दिवशी घेतली, कुठून आणली, किती रुपये दिले’ असे दिवसवार विचारले की उत्तर बरेच खरे येते.

प्रमाणाची कल्पना असावी म्हणून राष्ट्रीय आकडे सोबत ठेवावेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी मद्य घेणारे देशात १८.८ टक्के आणि महाराष्ट्रात १३.९ टक्के आढळले. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत देशातील सुमारे ५.७ कोटी लोकांचे पिणे अपायकारक किंवा व्यसनाच्या पातळीला गेलेले होते. आपल्या गावाचे प्रमाण यापेक्षा फारच कमी आले, तर गाव सज्जन आहे असे मानण्याआधी प्रश्न कोणी, कोणासमोर आणि कसा विचारला हे पुन्हा तपासावे.

पाहणीच्या कागदावर नाव लिहू नये, घराला क्रमांक द्यावा आणि क्रमांकाची यादी एकाच विश्वासू व्यक्तीकडे ठेवावी. गावात अमक्याचा नवरा किती पितो हे सगळ्यांना माहीत असतेच, पण ते कागदावर आले की त्याचे हत्यार होते. काही घरी ‘सोडवायची कशी’ असा उलट प्रश्न येतो. त्यासाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक चिठ्ठीवर लिहून न्यावा आणि रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एका दिवसात एकदम बंद करू नये, हेही आवर्जून सांगावे, कारण अशा वेळी झटके येऊन जीव धोक्यात येऊ शकतो.

कोणत्या वह्या पाहाव्यात

लोकांच्या उत्तरांना कागदाचा आधार हवा. प्राथमिक आरोग्य केंद्राची बाह्यरुग्ण नोंदवही, १०८ रुग्णवाहिकेच्या फेऱ्या, पोलीस ठाण्यातील दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६५ व ८५ खालील गुन्हे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खालील कारवाया आणि परवानाधारक दुकानाची मासिक विक्री ही माहिती, नावे वगळून, माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, म्हणून हे अर्ज घरांच्या पाहणीआधीच टाकून द्यावेत.

परवाना दुकानाची विक्री म्हणजे गावाचे एकूण पिणे, असे समजू नये. हातभट्टी, मोहाची, ताडी यांची नोंद कोठेच नसते. सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या बाजूला गोव्याची स्वस्त दारू चोरून येते, तिचीही नसते. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी असल्याने तेथे परवान्याची वहीच नाही, पण खर्चाचे रकाने तेथेही भरतात. चंद्रपूरला १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत बंदी होती. त्या काळाचा हिशेब करणाऱ्याला बुडालेला महसूल, छाप्यांवर झालेला खर्च आणि वाचलेले खाडे, तिन्ही धरावे लागतील. यातील एकच उचलून बंदी फसली किंवा बंदी यशस्वी झाली असे सांगणारे दोन्ही बाजूंना भरपूर आहेत.

खासगी वह्या अनेकदा सरकारी वह्यांपेक्षा जास्त बोलतात. बचत गटाच्या वहीत कर्जाचे कारण ‘शेळीपालन’ असते, पण शेळी गोठ्यात नसते. किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत पगाराच्या आठवड्यात जमा होत नाही, हे एकाच नजरेत दिसते. भंगारवाला रिकाम्या बाटल्या नगावर घेतो, त्यामुळे महिन्याला किती पोती भरली हे तो बिनचूक सांगतो, आणि परवान्याच्या आकड्याची उलटतपासणी करायला त्याच्यासारखा साक्षीदार नाही.

खाड्यांचा हिशेब

ताळेबंदाचा गाभा येथे आहे, म्हणून यावर वेळ द्यावा. ऊसतोडीच्या मुकादमाची वही पाहिली आहे त्याला खाडा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. हंगामाआधी कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते. दोघांपैकी एक जरी फडात आला नाही तरी खाडा लागतो आणि तो उचलीतून दंडासह कापला जातो. नवऱ्याने रात्री जास्त घेतली म्हणून सकाळी उठला नाही, तर बायको कामाला तयार असूनही तिची मजुरी बुडते. एका माणसाच्या पिण्याने दोघांचा दिवस जातो आणि हा दुसरा दिवस कोणत्याही पाहणीत विचारलाच जात नाही.

खाडे मोजताना पिणाऱ्याचे सगळे खाडे दारूच्या माथी मारू नयेत. आजारपण, पाऊस, लग्नकार्य, बाजार यांमुळे न पिणाऱ्यांचेही खाडे होतात. म्हणून शेजारच्या, त्याच कामावरच्या, न पिणाऱ्या मजुरांचे महिन्याचे सरासरी खाडे काढावेत आणि फरक तेवढा घ्यावा. वर घेतलेल्या कल्पित गावात समजा ५० पैकी १४ घरांत कोणीतरी पितो आणि त्यांतील ६ घरांत रोज पितो. नऊने गुणले की गावात अशी अनुक्रमे १२६ आणि ५४ घरे येतात. रोज पिणाऱ्यांचे महिन्याला सरासरी ६ खाडे आणि न पिणाऱ्यांचे २ असतील, तर फरक ४. वर्षाचे जादा खाडे ५४ गुणिले ४८, म्हणजे २,५९२. मजुरीचा दर ४०० रुपये धरला तर १०,३६,८०० रुपयांचे काम गावात झाले नाही.

दर कोणता घ्यावा यावर वाद होतोच. गावातील हंगामी मजुरी वर्षभर सारखी नसते, तेव्हा सुगीतला चढा दर घेऊन आकडा फुगवण्यापेक्षा बारा महिन्यांची सरासरी घ्यावी. शंकाच असेल तर रोजगार हमीचा दर घ्यावा, जो महाराष्ट्रात २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता. हा सरकारचाच दर असल्याने त्यावर सरकारी माणूस आक्षेप घेऊ शकत नाही, ही त्याची मोठी सोय. बायकांच्या बुडालेल्या दिवसांना मात्र गावातील बायकांचा कमी दर लावू नये. मजुरीतला अन्याय आपल्या ताळेबंदात पुन्हा उतरवण्याचे कारण नाही, शिवाय रोजगार हमीत दोघांना एकच दर आहे. रोज पिणाऱ्या घरातील बाईचा महिन्याला एक दिवस नवऱ्याला दवाखान्यात नेण्यात, पोलीस ठाण्यात किंवा मार लागला म्हणून घरी राहण्यात गेला, तर ५४ घरांचे वर्षाचे ६४८ दिवस होतात आणि त्याच दराने २,५९,२०० रुपये.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ५० घरांतून आलेला ६ हा आकडा दुसऱ्या ५० घरांत ४ किंवा ८ सहज येऊ शकला असता. म्हणून खाड्यांची रक्कम एकच न सांगता ३६ घरे धरून ६,९१,२०० आणि ७२ घरे धरून १३,८२,४०० असा पल्ला सोबत द्यावा. पल्ला दिला की आकडा कमकुवत वाटेल अशी भीती असते, पण प्रत्यक्षात जिल्हा परिषदेच्या बैठकीत पल्ला देणाऱ्याचेच ऐकून घेतले जाते.

कामावर येऊनही काम न होणे हा प्रकार मोजणे अवघड आहे. हात थरथरत असल्याने गवंड्याची भिंत ओळंब्यात येत नाही, चालकाला दुपारनंतर गाडीवर बसवता येत नाही. ठेकेदाराकडून ठोस आकडा मिळाला तर तो लिहावा, एरवी ओळ रिकामी ठेवून खाली टीप द्यावी.

मृत्यूची रक्कम

माणसाच्या आयुष्याला रुपयांत मोजणे कोणालाच आवडत नाही, तरी ही ओळ सोडली तर ताळेबंद निम्माही होत नाही. यासाठी आपल्याकडे एक रुळलेली पद्धत आहे. मोटार अपघाताच्या दाव्यांत नुकसानभरपाई कशी काढावी याचे कोष्टक सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात घालून दिले. वार्षिक कमाईतून मृताचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा, म्हणजे दोन-तीन माणसे अवलंबून असतील तर एक तृतीयांश, आणि उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणायचे. हा गुणक ३१ ते ३५ वयाला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३ आणि पुढे उतरत जातो. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने भविष्यातील कमाईवाढीचीही भर त्यात घातली, पण गावाच्या हिशेबात ती सोडून दिली तरी चालते, कारण कमी धरणे आपल्या बाजूचे आहे.

अडतीस वर्षांचा माणूस ४०० रुपये रोजाने महिन्याला २५ दिवस काम करीत असेल, तर त्याची वर्षाची कमाई १,२०,००० रुपये. त्यातून एक तृतीयांश गेले की ८०,००० आणि त्याला १५ ने गुणले की १२ लाख. समजा या गावात गेल्या पाच वर्षांत याच वयोगटातील तिघे यकृताच्या आजाराने, विषारी दारूने किंवा पिऊन गाडी चालवल्याने गेले. मग वर्षाला सरासरी ०.६ मृत्यू आणि ७,२०,००० रुपये. एका वर्षाच्या मृत्यूंवर कधीही विसंबू नये, कारण छोट्या गावात एखाद्या वर्षी एकही मृत्यू होत नाही आणि एखाद्या वर्षी एकाच रात्री अनेक होतात. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने १०० हून अधिक माणसे गेली. तेवढे एकच वर्ष धरून त्या वस्तीचा ताळेबंद मांडला, तर तो पुढच्या-मागच्या कोणत्याच वर्षाला लागू पडणार नाही.

मृत्यूंची कारणे काढताना मृत्यूच्या दाखल्यावर भिस्त ठेवता येत नाही. दाखल्यावर ‘कावीळ’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’ इतकेच असते. आशाताई, पोलीस पाटील आणि घरचे, अशा तिघांकडून स्वतंत्रपणे विचारून दोघांचे जुळले तरच तो मृत्यू दारूच्या ओळीत घ्यावा.

मोठ्या समूहासाठी, म्हणजे तालुका किंवा जिल्ह्यासाठी, एकेक मृत्यू विचारणे शक्य नसते. तेव्हा वाट्याचे सूत्र वापरतात. लोकसंख्येत पिणाऱ्यांचे प्रमाण आणि न पिणाऱ्याच्या तुलनेत त्यांना तो आजार होण्याची शक्यता किती पट आहे, हे दोन आकडे लागतात. उदाहरणादाखल १४ टक्के पुरुष पितात आणि धोका तिप्पट आहे असे धरले, तर तिपटीतून एक वजा करून उरलेल्या दोनला ०.१४ ने गुणावे, म्हणजे ०.२८ येतात, आणि त्याला १.२८ ने भागावे. उत्तर ०.२२ च्या आसपास येते, म्हणजे पुरुषांतील त्या आजाराच्या शंभर रुग्णांपैकी बावीस दारूच्या खात्यावर आणि अठ्ठ्याहत्तर इतर कारणांच्या. कितीपट हा आकडा मात्र प्रसिद्ध वैद्यकीय अभ्यासातूनच घ्यावा, कार्यालयात बसून ठरवू नये.

दोनदा मोजले जाणारे रुपये

मंगळसूत्र २०,००० रुपयांना गहाण पडले आणि त्यातून रुग्णालयाचे १८,००० रुपयांचे बिल भरले. पाहणीच्या कागदावर या दोन्ही रकमा वेगवेगळ्या प्रश्नांखाली येतात आणि बेरजेत ३८,००० होतात. पैसे एकदाच गेले आहेत. बिल हा खर्च आणि गहाण हे तो भागवण्याचे साधन, म्हणून बिल घ्यावे, गहाणाचे मुद्दल सोडावे आणि व्याज फक्त घराच्या रकान्यात लिहावे. तसेच रुग्णालयात असलेले दिवस खाड्यांत आधीच आलेले असतील, तर ‘आजारपणामुळे बुडालेली मजुरी’ अशी वेगळी ओळ काढू नये. घरातून चोरीला गेलेले भांडे किंवा विकलेली शेळी ही समाजाच्या हिशेबात नाहीशी झालेली नसते, ती दुसऱ्याच्या दारात असते.

या चाळणीतून काढल्यावर कल्पित गावाचा समाजाच्या रकान्यातील हिशेब असा दिसेल: खाडे १०,३६,८००, बायकांचे बुडालेले दिवस २,५९,२००, घरांनी जादा केलेला औषधोपचार घरटी ३,००० प्रमाणे १,६२,०००, शासकीय रुग्णालयातील ४० खाट-दिवस १,५०० रुपये दराने ६०,००० आणि मृत्यू ७,२०,०००. एकूण २२,३८,००० रुपये, म्हणजे पिणारी-न पिणारी सगळी घरे धरून उंबऱ्यामागे वर्षाला सुमारे ५,००० रुपये. त्यात औषधोपचाराचा वाटा दहा टक्के आहे आणि शासनाच्या खिशातून गेलेले अवघे ६०,०००. शासनाला दारू परवडते असे का वाटते, याचे उत्तर या एका ओळीत आहे. दारूवरचा खर्च वेगळ्या ओळीत: रोज पिणाऱ्या ५४ घरांत ८० रुपयांची क्वार्टर ३०० दिवस आणि उरलेल्या ७२ घरांत ५० दिवस, मिळून १५,८४,०००. शासनाच्या जमेचा आकडा यातूनच निघेल, पण त्यातील जो भाग हातभट्टीवर गेला त्यावर तिजोरीला छदामही मिळालेला नाही.

मुलांचे शिक्षण सुटणे, मारहाण, घरातली भीती यांना रुपये लावण्याचा आग्रह धरू नये. मुख्याध्यापकांकडून गळतीचा आकडा घ्यावा, तो मुलांच्या संख्येतच लिहावा आणि बेरजेबाहेर ठेवावा.

अंमली पदार्थांची वही वेगळी

शहरातील प्रभागासाठी हिशेब करताना एमडी (मेफेड्रोन), गांजा, खोकल्याचे औषध आणि झोपेच्या गोळ्या यांची वही दारूपासून वेगळी ठेवावी. येथे कर नाही, परवाना नाही आणि विक्रीचा आकडा नाही. उपलब्ध असतो तो जप्तीचा आकडा, आणि तोच सगळ्यात फसवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून आणि इतर ठिकाणांहून पकडलेल्या मेफेड्रोनची किंमत साडेतीन हजार कोटींच्या घरात सांगितली गेली. ही किंमत किरकोळ बाजारातील भावाने काढलेली असते आणि माल पकडला गेल्याने तो कोणाच्या शरीरात गेलेलाच नसतो. समाजाच्या नुकसानीच्या रकान्यात तिला जागा नाही. तपास, कोठडी, प्रयोगशाळा आणि १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली चालणारे खटले यांवर झालेला खर्च मात्र घ्यावा. दारूच्या तुलनेत शासनाचा रकाना येथे जड होतो, कारण वापरणाराही आरोपी ठरतो आणि त्याचा बराचसा खर्च तुरुंगाच्या वाटेने येतो.

वापरणाऱ्यांची संख्या घरोघरी विचारून कळत नाही. व्यसनमुक्ती केंद्रांत नव्याने येणाऱ्यांचे वय आणि पदार्थ, नावाशिवाय, केंद्रांकडून मागावेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे आणि अशा जुन्या केंद्रांना वर्षागणिक काय बदलते याची चांगली जाण असते. पण केंद्रात पोहोचणारे हे फार थोडे. एम्सच्या त्याच पाहणीत दारूच्या व्यसनी ३८ माणसांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळाल्याचे आढळले आणि दाखल होऊन उपचार घेणारा १८० मध्ये एक. केंद्रातल्या संख्येला सरळ अडतीसने गुणून शहराचा आकडा काढण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण हे प्रमाण दारूचे आणि देशाच्या सरासरीचे आहे.

ग्रामसभेपुढे

ताळेबंद एका पानाचा असावा, मागे पाठपोट गृहीतके लिहावीत: घरे किती, दर कोणता, कोणती ओळ रिकामी सोडली. एकूण रकमेशेजारी गावाच्या विकास आराखड्यातील वर्षाची तरतूद लिहिली की लोकांना प्रमाण आपोआप समजते. सभेत घरांचे क्रमांकही वाचू नयेत. दुकान बंद करण्याचा विषय निघाला तर त्याची कायदेशीर वाट वेगळी आहे. गावातील किंवा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचे निवेदन, सह्यांची पडताळणी आणि मग उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद) असे गुप्त मतदान, ज्यात एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. मतदानाला न आलेल्या बाईचे मत उभ्या बाटलीलाच गेल्यासारखे होते, म्हणून अशा वेळी ताळेबंदाची प्रत मजुरीला बाहेरगावी जाणाऱ्या बायांपर्यंत आधी पोहोचवावी.

दुसरी पाहणी बरोबर एक वर्षाने, त्याच महिन्यात आणि त्याच ५० घरांत करावी. सुगीतली पाहणी पावसाळ्यातल्या पाहणीशी ताडून पाहता येत नाही. मजुरीचा दर दुसऱ्या वर्षीही पहिल्या वर्षाचाच लावावा आणि नव्या दराने काढलेली रक्कम खाली वेगळी द्यावी, नाहीतर ४०० चे ४५० झाले म्हणून वाढलेला आकडा पिणे वाढल्याचा पुरावा म्हणून वाचला जाईल.